रात्री इंटरनेट का रेंगाळते?



सकाळी झटकन उघडणारे पान रात्री आठनंतर उघडता उघडत नाही, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो. मग मोडेम बंद करून पुन्हा सुरू करायचा, वायर हलवून बघायची, शेवटी संगणकाला दोष द्यायचा! एवढे करूनही फरक पडला नाही, तर अडचण बहुधा घराबाहेर असते. ती कुठे असते आणि तिचा पैशाशी काय संबंध, ते पाहू या.

घरापासून एक्स्चेंजपर्यंत टेलिफोनची तार असेल, तर ती फक्त आपली असते. फायबरच्या जोडणीत वाटणी याहून अलीकडेच सुरू होते. पुढे मात्र शेकडो घरांची माहिती एकाच मोठ्या वाहिनीतून जाते. ज्या कंपनीला आपण दरमहा पैसे देतो, तिच्याच मालकीची ही वाहिनी असते असे नाही. अनेकदा ती दुसऱ्या मोठ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली असते. किराणा दुकानदार ठोक बाजारातून माल आणतो, तसाच हा प्रकार.

लग्नाला पाचशे पाहुणे बोलावले, तरी पाचशे पाने एकदम मांडत नाहीत. लोक पुढेमागे येतील, या हिशेबाने पंगती बसवतात. इंटरनेट कंपनीही असाच हिशेब करते. सगळे ग्राहक एकदम येणार नाहीत, म्हणून सर्वांच्या वेगाच्या बेरजेपेक्षा कितीतरी कमी क्षमता ती विकत घेते. यात फसवणूक नाही. त्यामुळेच जोडणी सामान्य घराला परवडते. पण पाहुणे वाढत गेले आणि पाने तेवढीच राहिली, तर खोळंबा होणारच.

याचे उत्तम उदाहरण ब्रिटनचे. तेथील बहुतेक टेलिफोन तारा आणि एक्स्चेंज बीटी या कंपनीकडे होते. अनेक लहानमोठ्या कंपन्या बीटीकडून ठोक क्षमता घेऊन ग्राहकांना ब्रॉडबँड विकत. २००० नंतरच्या काही वर्षांत घरगुती जोडणीसाठी ५० ग्राहकांमागे एक वाटा, तर कार्यालयांसाठी २० मागे एक, असे प्रमाण रूढ होते. आता गणित करा. ८ मेगाबिटच्या एका वाट्यावर ५० जण एकदम आले, तर प्रत्येकाला मिळतील फक्त १६० किलोबिट!

२००६ मध्ये तेथे ८ मेगाबिटपर्यंतचा वेग घरोघरी मिळू लागला. पुढे २५ डिसेंबर २००७ रोजी बीबीसीने ‘आयप्लेअर’ ही सेवा सुरू केली आणि लोक संध्याकाळी संगणकावर दूरदर्शनचे कार्यक्रम पाहू लागले. ग्राहकाचे मासिक बिल ठरलेले, पण ठोक क्षमतेचा खर्च वाढता, अशा कात्रीत कंपन्या सापडल्या. बीबीसीनेही या खर्चाचा भार उचलावा, अशी मागणी काहींनी केली. ग्राहक तर आधीच पैसे देत होते, मग हा भार कोणी सोसायचा, यावर बराच वाद झाला. काही कंपन्यांनी बीटीच्या एक्स्चेंजमध्ये स्वतःची यंत्रे बसवून ठोक खरेदीवरचे अवलंबन कमी केले.

जाहिरातीतील ‘इतक्यापर्यंत वेग’ या शब्दांवरही तेथे आक्षेप आले. मे २०१८ पासून नियम असा झाला, की रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी किमान निम्म्या ग्राहकांना मिळू शकेल, तोच वेग जाहिरातीत सांगावा. आपल्या देशातही ट्रायने २००६ साली सेवेच्या दर्जाचे नियम केले. गर्दीच्या वेळी वाहिनीचा वापर क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत राहावा, अशी अपेक्षा त्यांत होती. म्हणजे वाहिनी भरण्याआधीच कंपनीने जादा क्षमता घ्यायची.

आता आपण काय करावे? आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला वेग मोजून वहीत लिहा. संगणक शक्यतो वायरने जोडा. वेग दिवसभर कमी असेल, तर तार किंवा मोडेम तपासून घ्या. फक्त रात्रीच घटत असेल, तर गर्दीचा संशय घ्या आणि ती नोंद घेऊन तक्रार करा. नुसते “नेट स्लो आहे” म्हटल्याने कोणी दाद देत नाही. तारीख, वेळ आणि आकडे असले की उत्तर द्यावे लागते.

पालकांनीही नवी जोडणी घेताना “वेग किती?” एवढेच न विचारता “रात्री नऊला किती मिळतो?” असे विचारावे. शेजाऱ्यांचा अनुभवही विचारावा. आणि मुलांनो, परीक्षेचा किंवा प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असेल, तर शेवटच्या तारखेची रात्र गाठू नका. त्या वेळी सगळी पंगत एकदम बसलेली असते!