पेल्याखालची चकती : क्रोशाचे काम आणि त्याचा हिशेब

भाईंदर स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेली सडक मिठागरे व खाजणे मागे टाकून उत्तनच्या किनाऱ्यास पोहोचते. मीरा-भाईंदर ही महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली व मीरा रोडच्या बाजूस उंच इमारतींची रांग उभी राहिली. तथापि उत्तन, पाली व चौक ही गावे आपल्या रीतीने अद्याप गावेच आहेत. किनाऱ्यावर होड्या लागतात, बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळतात आणि मासळीची विक्री मुख्यतः स्त्रियांच्या हाती असते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या ६१ दिवसांत सुकी मासळी सोडली तर घरात येणारा पैसा आटतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसामुळे बाहेरची इतर कामेही थांबतात. अशा काळासाठी कोणता गृहोद्योग सुचवावा, हा प्रश्न किनाऱ्यावरील प्रत्येक कार्यकर्त्यापुढे येतो. क्रोशाच्या सुईने विणलेली पेल्याखालची चकती, जिला शहरात कोस्टर म्हणतात, हे त्याचे एक उत्तर होऊ शकते. मात्र या उत्तरात एक खाच आहे व ती आधीच समजून घेणे हिताचे आहे.

क्रोशा हा शब्द लहान आकडा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. वसई प्रांतात पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता, त्यामुळे ही कला त्यांच्याबरोबर आली असावी असे कोणासही सहज वाटेल. परंतु क्रोशाचे छापील नमुने प्रथम हॉलंडमधील 'पेनेलोपे' या नियतकालिकात १८२३ च्या सुमारास दिसतात. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यास तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती. म्हणजे ही कला येथे नंतर, मिशनऱ्यांच्या व शाळांच्या मार्गाने पसरली असे मानणेच सयुक्तिक होय. मराठी घरांनी तिचा लवकरच स्वीकार केला. दारावरचे तोरण, रेडिओवरचा रुमाल, पाण्याच्या तांब्यावरचे मणी ओवलेले झाकण या वस्तू अनेकांच्या स्मरणात असतील. पेल्याखालची चकती ही त्या झाकणाचीच धाकटी बहीण होय. एक पाण्यावर बसते, दुसरी पाण्याखाली.

किनाऱ्यावरील हातांना दोऱ्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. जाळे विणणे व फाटलेले जाळे सांधणे हे घरोघरचे काम आहे. दोन्ही कामांत एक भेद मात्र आहे. जाळ्यात प्रत्येक डोळ्यापाशी गाठ पक्की बसते, तर क्रोशात गाठ नसते. एका वेढ्यातून दुसरा वेढा काढलेला असतो. म्हणून चुकलेली वीण टोक ओढताच उसवते व दोरा फुकट जात नाही. नवशिक्या स्त्रीस हे मोठेच आश्वासन आहे. त्याच कारणाने शेवटचे टोक दोन-तीन वेळा उलटसुलट फिरवून विणीत दडवावे लागते, नाही तर पहिल्याच धुण्यात चकती सुटते.

दोरा सुतीच घ्यावा. ॲक्रिलिकचा धागा स्वस्त व रंगाने भडक असतो, पण तो पाणी शोषत नाही. थंड सरबताच्या पेल्याला सुटलेला घाम त्यावरून ओघळून टेबलावर उतरतो. गरम भांड्याखाली तो वितळण्याचीही भीती असते. मध्यम जाडीचा चारपदरी सुती दोरा व अडीच मिलिमीटरची सुई यांनी सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची चकती विणता येते. तिला साधारण १० ग्रॅम दोरा लागतो.

विणण्याची रीत अशी. चार साखळ्यांचे कडे करावे. तीन साखळ्या घालून त्यांचा पहिला खांब धरावा व कड्यात आणखी ११ खांब घालावेत. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन सुई टाक्यात घालणे, दोरा ओढणे आणि मग दोन-दोन वेढे सोडवणे, म्हणजे एक खांब. बारा खांब झाले की सुई तिसऱ्या साखळीत घालून फेरी जोडावी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन खांब घालून २४ करावेत; तिसरीत एकाआड एक वाढ करून ३६; चौथीत दर तिसऱ्या खांबात वाढ करून ४८. या प्रत्येक फेरीची सुरुवात तीन साखळ्यांनीच होते. शेवटच्या फेरीत एक मुका खांब घालावा, म्हणजे आधी वेढा न घेता सुई टाक्यात घालून दोरा ओढावा व सुईवरचे दोन्ही वेढे एकदम सोडवावेत. मग एक टाका सोडून पुढच्या टाक्यात चार खांब घालावेत, पुन्हा एक टाका सोडून मुका खांब घालावा. असे केल्याने कडेस बरोबर १२ पाकळ्या येतात.

प्रत्येक फेरीत बारांचीच वाढ का, असा प्रश्न शिकणाऱ्या मुली विचारतात, आणि त्याचे उत्तर द्यावे. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सुमारे सव्वासहा पट असतो. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या अदमासे दुप्पट असते. एक फेरी विणली की त्रिज्या एका खांबाच्या उंचीने वाढते, म्हणून परिघात सुमारे बारा खांबांच्या रुंदीची भर पडावी लागते. वाढ कमी पडली तर चकतीची वाटी होते. जास्त झाली तर कडेला झालर येते. मुका खांब जवळजवळ चौकोनी असल्याने त्याच्या फेऱ्यांत सहांची वाढ पुरते. एवढे तत्त्व ज्या स्त्रीस उमगले तिला कोणत्याही जाडीच्या दोऱ्याने, नमुन्याच्या पुस्तकाशिवाय, सपाट वर्तुळ विणता येते.

वर्षातील सण हेच या धंद्याचे पंचांग होय. सर्वांत मोठी मागणी मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाची. वाण लुटण्यासाठी एका घराला एकाच नमुन्याचे पंचवीस-पन्नास नग हवे असतात. वस्तू लहान, उपयोगी व न फुटणारी असावी लागते. चकतीत हे तिन्ही गुण आहेत. येथे काळा व पांढरा दोरा शोभून दिसतो. नारळी पौर्णिमेस मासा, होडी किंवा नारळ, गणपतीस लाल जास्वंद, दसरा-दिवाळीस नारिंगी झेंडू, ज्यासाठी वर दिलेल्या बारा पाकळ्या जशाच्या तशा चालतात, नाताळास चांदणी. नाताळासाठी बाहेरच्या नमुन्यांतून बर्फाची फुले उतरवून घेण्याचा हव्यास दिसतो. उत्तनच्या नाताळात घरोघरी टांगलेला कागदी चांदण्यांचा कंदील अधिक ओळखीचा आहे, आणि ग्राहकाला मासा व होडी दुसऱ्या कोठे मिळत नाहीत हेही ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यात कलिंगडाच्या फोडीचा नमुना चटकन उचलला जातो. पावसाळ्यात चहाच्या कपासाठी दुहेरी दोऱ्याची जाड चकती हवी.

आता खाच कोणती ते पाहू. आंध्र प्रदेशातील नरसापूर भागात क्रोशाच्या लेसचे काम एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी सुरू केले व पुढे ते परदेशी निर्यातीपर्यंत गेले. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने तेथील स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या त्या स्त्रियांना शेतमजूर स्त्रीच्या किमान मजुरीपेक्षाही पुष्कळच कमी पैसे मिळत होते, असे तिला आढळले. व्यापारी व निर्यातदार मात्र सधन झाले. याचे एक कारण तिने असे दाखविले की, हे काम 'फावल्या वेळातले' समजले गेले. आणि फावल्या वेळाची मजुरी कोण मोजतो? गृहोद्योगाची पत्रके लिहिणारे आपणही हा शब्द सढळ हाताने वापरतो, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

याउलट उदाहरणही आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा मठांतून व खाजगी वर्गांतून शिकविलेल्या क्रोशाच्या लेसने अनेक कुटुंबांना तगवले. ती लेस लंडन-पॅरिसच्या पेठांत विकली जाई. वीण दोन्हीकडे एकाच आकड्याची होती. बाजारात क्रोशासारखी दिसणारी यंत्रावरची लेस मिळते, पण ती वस्तुतः वेगळ्या विणीची असते. खरा क्रोशा हाताचाच. तेव्हा जेथे तो अतिशय स्वस्त मिळतो तेथे कोणाचे तरी श्रम स्वस्त झालेले असतात.

म्हणून हिशेब पहिल्या दिवसापासून लिहावा. समजा, सरावलेल्या स्त्रीस एका चकतीला ४० मिनिटे लागतात. सहांच्या संचास चार तास, व टोके दडविणे, धुणे, खळ देणे यांस एक तास, असे पाच तास झाले. तासाला ५० रुपये धरले तर मजुरी २५० रुपये. साठ ग्रॅम दोऱ्याचे ६० रुपये, खोका व खळ २० रुपये, जत्रेतील जागेच्या भाड्याचा वाटा २० रुपये धरू. एकूण ३५० रुपये ही संचाची खरी किंमत. तोच संच २०० रुपयांस विकला तर खर्च वजा जाता हाती १०० रुपये, म्हणजे तासाला २० रुपये पडतात. व्यापाऱ्याने दारावर येऊन १२० रुपयांस उचलला, तर दोरा वजा करून उरतात ६० रुपये व तासाला १२. भाव गावोगाव निराळे असतील. ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावेत. ३५० रुपये कोणी देत नसेल तर नमुना सोपा करून वेळ घटवावा, किंवा दुसरा जिन्नस निवडावा. मजुरीचा रकाना मात्र कोरा ठेवू नये.

विक्रीसाठी भाईंदरची जागा सोयीची आहे. लोकलने मुंबई जवळ, आणि मीरा रोडच्या गृहसंकुलांत नवरात्र-दिवाळीच्या सुमारास घरगुती वस्तूंची प्रदर्शने भरतात. ग्रामीण भागातील बचत गटांना उमेद अभियानाचे 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन खुले असते. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाकडेही गटांनी चौकशी करावी. एकेकटीने विकण्यापेक्षा गटाने एकच माप व रंगांची एकच यादी ठरविल्यास पन्नास वाणांची मागणी पाच जणींत वाटून घेता येते. येथे सुईचा क्रमांकही एकच हवा. एकीची चकती नऊ व दुसरीची अकरा सेंटिमीटरची झाली की संच मोडतो.

किनाऱ्यावरील गटांना दोन सूचना विशेष लागू आहेत. सुती दोरा वास चटकन ओढून घेतो. वाळत्या मासळीच्या घरात विणलेला माल झाकणाच्या डब्यात ठेवावा, व विक्रीपूर्वी साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. गडद रंगाचा दोरा विणण्याआधीच ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. लाल रंग सुटला तर जास्वंदीबरोबर गिऱ्हाइकाचा टेबलक्लॉथही लाल होतो. खळ देण्यासाठी भाताची पातळ पेज पुरते. चकती पेजेत बुडवून, पिळून, सपाट फळीवर गंज न लागणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवावी व पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. खारट दमट हवेत साध्या टाचण्या एका रात्रीत तांबड्या खुणा उमटवतात. जून-जुलैत विणलेल्या मालास तेव्हाच खळ दिली तर त्यावर बुरशी धरते; तो नुसता विणून कोरडा ठेवावा व पाऊस उघडल्यावर, नवरात्रापूर्वीच्या उन्हात, सर्व खळ एकदम द्यावी.