नानखटाई, संत्रा बर्फी आणि काही हट्टी गैरसमज

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नागपूरच्या इतवारीत मस्कासाथच्या बाजूनं स्कूटर काढायची हिंमत सहसा कुणी करू नये. हमालांचे ठेले, पोत्यांच्या थप्प्या आणि मधोमध यादी हातात धरून उभी असलेली माणसं. या गर्दीत वर्षभर लाडू-वड्या करणाऱ्या बायका असतात, त्यांची यादी तोंडपाठ असते. उरलेले बरेचसे माझ्यासारखे: वर्षातून एकदा-दोनदा हौस येते, रवा-मैदा-पिठीसाखर घेऊन जातात, आणि अर्धं सामान होळीपर्यंत डब्यात पडून राहतं. विचारलं तर कारणं ठरलेली असतात. घरी ओव्हन नाही. पाक जमत नाही. मागच्या वेळी दूध फाटलं. हाताला गोडाचा गुण नाही.

हाताच्या गुणाचं सोडून देऊ. घरच्या गोड पदार्थात बिघडतं ते बहुतेक तीनच ठिकाणी: माप, आच आणि पाणी. आणि या तिन्हींभोवती समजुतींचं जाळं एवढं दाट आहे की नवखा माणूस त्यातच अडकतो.

पहिली समजूत ओव्हनची. बेकिंग म्हणजे साहेबी काम, आपल्याकडे तळणं आणि उकडणं, असं सुशिक्षित माणसंही सांगतात. ज्या विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजून वांग्याच्या भाजीबरोबर पंगती उठतात, तिथं बसून हे म्हणणं गमतीचंच आहे. कोकणात काकडीची तवसाळी खाली मंद आच आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजतात. गोव्यातल्या बेबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांच्या धगीवर भाजला जाई. त्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चारी बाजूंनी कोरडी उष्णता देणं, एवढंच ओव्हनचं काम. ते आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. शिवाय ज्यांना घरी करायचं नव्हतं ते मैदा, तूप, साखर घेऊन जवळच्या बेकरीत जात आणि भट्टीतून डबाभर बिस्किटं भाजून आणत. दिवाळीतली ही चाल अजून पुष्कळ गावांत टिकून आहे.

घरी करायचं तर जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेलं घ्या. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उलटी वाटी ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग ताटली आत ठेवायची आणि आच अगदी बारीक करायची. हे मीठ स्वयंपाकात वापरू नये, पण डब्यात भरून ठेवलं तर पुढच्या खेपेला चालतं. काही जण कुकर वापरतात. तसं करायचं तर शिटी आणि रबर दोन्ही काढून ठेवायला हवीत. माझं मत विचाराल तर रोजचा कुकर कोरडा तापवून खराब करण्यापेक्षा माळ्यावरची कढई उतरवा.

सुरुवात नानखटाईपासून करावी, कारण तिच्यात फुगवण्याचं नाटक फारसं नाही. १०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम बेसन, दोन चमचे बारीक रवा, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची. इथं दुसरी समजूत आडवी येते: तूप पातळ करून घातलं की पीठ छान मळलं जातं. मळलं जातं खरं, पण ताटलीत ठेवलेले गोळे पसरून त्यांच्या पापड्या होतात. तूप थिजलेलं, रवाळ हवं. ते साखरेबरोबर पांढुरकं आणि हलकं होईपर्यंत फेसायचं म्हणजे त्यात हवा कोंडली जाते आणि खुसखुशीतपणा तिथून येतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, तूप डब्यातच तेलासारखं होतं. त्या दिवसांत ते फ्रिजमध्ये ठेवून थिजवून घ्या आणि वळलेले गोळेही भाजण्याआधी पंधरा मिनिटं गार करा. थंडीत ही कटकट नाही.

कढईत नानखटाईला अठरा ते वीस मिनिटं लागतात. झाकण काढलं की गोळ्यांवर बारीक तडे दिसतात, कडा बदामी झालेल्या असतात, आणि बोट लावलं तर नानखटाई चक्क मऊ लागते. नेमकी इथंच घाई होते. कच्ची राहिली म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवतात आणि बुडं जळतात. गरम असताना त्यातलं तूप वितळलेलं असतं, म्हणून ती मऊ. ताटलीतच निवू द्या. अर्ध्या तासात टणक होते.

सोडा आणि बेकिंग पावडर एकच, ही समजूत तर दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांची. खाण्याचा सोडा नुसता क्षार असतो. त्याला फसफसायला दही, ताक, लिंबू असं काहीतरी आंबट लागतं. आंबट नसेल तर सोड्याचा साबणासारखा वास आणि चव पदार्थात राहते. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्च आधीच मिसळलेला असतो, म्हणून ती पाण्यादुधानंही काम करते. सोडा तिच्या साधारण तिप्पट जोरकस, त्यामुळे चमच्याला चमचा बदलून चालत नाही. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत बिस्किटांच्या चुऱ्याचा केक झाला तो ईनोवर. त्यात सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल असतं आणि ओलं होताच ते फसफसून मोकळं होतं. म्हणून ईनो अगदी शेवटी घालायचं आणि मिश्रण लगेच तापलेल्या भांड्यात ठेवायचं. ईनो घातल्यावर फोन घ्यायला गेलात तर केक बसलाच. अंडं नसेल तर केक फुगत नाही, हा समजही यातच निकाली निघतो. आणि घरातली बेकिंग पावडर जिवंत आहे का हे पाहायचं असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. फसफसली नाही तर फेकून द्या. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात घ्यावी.

आता मापाचं. रेसिपीत वाटी लिहिलेली असते आणि प्रत्येक घरची वाटी वेगळी असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकच वाटी वापरली की झालं, हा मात्र अर्धाच उपाय. २४० मिलीच्या एका कपात साखर २०० ग्रॅमच्या आसपास मावते, मैदा सव्वाशेच्या आसपास, आणि तोच मैदा दाबून भरला तर बराच जास्त. दळलेली साखर पुन्हा निराळी. किराण्याच्या दुकानात सगळं वजनावर घेतो आणि घरी आल्यावर अंदाजावर जातो, हे उफराटं आहे. छोटा वजनकाटा ओव्हनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

बेसनाची गोष्ट दुकानातच सुरू होते. मस्कासाथला जाणता दुकानदार पहिल्यांदा विचारतो, “कशाले पाहिजे ताई, लाडूले का भज्याले?” हा प्रश्न फार मोलाचा आहे. भज्यांचं बेसन बारीक असतं, त्याचा लाडू टाळूला चिकटतो. लाडवाला जाडसर दळलेलं हवं. मिळालं नाही तर हरभरा डाळ किंचित भाजून चक्कीवर रवाळ दळून आणावी. पुढची चूक आचेची. मोठ्या आचेवर बेसन पाच मिनिटांत रंग बदलतं, म्हणून वाटतं भाजलं. वरून रंगलेलं बेसन आत कच्चंच असतं आणि लाडवाला तो कच्चट वास लागतो. पाव किलो बेसनाला १२५ ते १५० ग्रॅम तूप आणि बारीक आचेवर पंचवीस-तीस मिनिटं हात. आधी गोळा घट्ट आणि जड लागतो. वाटतं तूप कमी पडलं, आणि नवखा माणूस आणखी तूप ओततो. थांबा. पंधरा-वीस मिनिटांनी तेच मिश्रण सैल पडून झाऱ्यावरून ओघळायला लागतं, कडेनं तूप दिसतं, आणि वास शेजारच्या घरात जातो. तेव्हा चमचाभर दूध शिंपडलं की मिश्रण फसफसून वर येतं आणि दाणा फुलतो. साखर मात्र मिश्रण कोमट झाल्यावरच घालायची. गरमात घातली की ती विरघळते आणि लाडू बसतात.

पाकाची भीती सर्वांत जुनी. एकतारी, दोनतारी हे अनुभवाशिवाय कळत नाही असं म्हणतात. पाक म्हणजे साखरेच्या पाण्यातून पाणी किती उडालं, एवढाच हिशेब. पाणी उडत जातं तसं उकळीचं तापमान वर चढतं, आणि एकतारीला ते १०५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. तापमापक नसला तरी थेंब ताटलीत टाकून, किंचित निवल्यावर दोन बोटांत धरून पाहता येतोच. पुढं गेला तर सगळं वाया, हेही खरं नाही. दोन-तीन चमचे पाणी घालून पुन्हा उकळा, पाक मागं येतो. कच्चा राहिला तर आणखी दोन मिनिटं. रव्याचा लाडू वळला जात नसेल तर मिश्रण तासभर झाकून ठेवा, रवा पाक शोषून घेतो. आणि पाकात लिंबाचे दोन थेंब टाकतात ते चवीसाठी नव्हेत. आम्लामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि पाकाला परत खडे धरत नाहीत.

आता नागपूरकराच्या मानाचा विषय. बाहेरगावच्या पाहुण्याच्या पिशवीत संत्रा बर्फी जातेच, पण घरी ती करायला कुणी धजत नाही. कारण? संत्र्यानं दूध फाटतं. हे अर्धं बरोबर आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन सामू ४.६ च्या आसपास आला की गोळा होतं, आणि संत्र्याचा रस त्याहून बराच आंबट असतो. पातळ दुधात रस ओतलात तर पनीरच होणार. खव्याची गोष्ट निराळी: त्यातलं बहुतेक पाणी आधीच आटलेलं असतं, वेगळं व्हायला काही उरलेलंच नसतं. म्हणून गर आणि दूध एकत्र आटवण्याच्या भानगडीत पडू नका. गर साखरेबरोबर वेगळा आटवा, खवा वेगळा परता, दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करा.

दुसरी तक्रार कडवटपणाची: रस काढला तेव्हा गोड होता, शिजवल्यावर कडू कसा झाला? लोक संत्र्याला दोष देतात, “हल्लीचा माल चांगला नाही” म्हणतात. नागपुरी संत्र्यात हे मुरलेलंच आहे. बिया आणि फोडींच्या पापुद्र्यात एक बिनकडू घटक असतो. फोड चिरडली की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनीन होतं, जे कडू लागतं. उष्णतेनं हा बदल वेगानं होतो. ताजी फोड तोंडात टाकली तर कडू लागत नाही आणि तासाभरापूर्वीचा रस लागतो, तो यामुळे. म्हणून मिक्सरमध्ये फोडी आख्ख्या घालू नका. प्रत्येक फोडीची पाठ उघडून बी काढा, पापुद्रा सोलून नुसता गर घ्या आणि लगेच शिजवा. काम किचकट आहे, मान्य. घरात मुलं असतील तर त्यांना बसवावं. निम्मा गर पोटात जाईल, चालायचंच.

चार-पाच संत्र्यांचा वाटीभर गर, पाऊण वाटी साखर, पाव किलो खवा. गर आणि साखर पसरट भांड्यात, म्हणजे पाणी लवकर उडतं. पळी ओढल्यावर भांड्याचा तळ क्षणभर दिसला की उतरवा. खवा मंद आचेवर तूप सुटेपर्यंत परता. एकत्र केल्यावर तीन-चार मिनिटंच आचेवर, मग तूप लावलेल्या ताटात थापायचं. सालीचा केशरी भाग किसणीवर हलकेच फिरवून चिमूटभर घातला तर इसेन्सची गरज उरत नाही, कारण संत्र्याचा सुगंध सालीतल्या तेलात असतो. पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, तो कडू. रंग फिका येईल. दुकानातल्या बर्फीचा भडक केशरी रंग गरातून येत नाही, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे आपलं काही चुकलं असं वाटत नाही. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. बर्फीला दोन्ही चालतात.

खवा विकत आणलात तर सणाच्या दिवसांत एक परीक्षा जरूर करावी. चिमूटभर खवा पाण्यात उकळून गार करा आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. बर्फीसाठी घट्ट पिंडी खवा मागा. गुलाबजामचा धाप खवा ओलसर असतो, त्याची वडी पडत नाही.

गुळाबद्दल दोनच वाक्यं. “शुगर आहे ना, मग गुळाचं करते” हे प्रेमानं केलेलं नुकसान आहे, कारण गुळातही मुख्यतः साखरच असते, थोडं लोह वगैरे असलं तरी रक्तातली साखर तोही वाढवतोच आणि दर ग्रॅमला जवळपास तेवढ्याच, म्हणजे चारच्या आसपास कॅलरी देतो. चवीसाठी गूळ जरूर वापरा, फक्त उकळत्या दुधात टाकू नका. आच बंद करून, दूध जरा निवल्यावर घाला.

आणि टिकण्याचं. घरचं म्हणजे महिनाभर राहतं, असं गृहीत धरून लोक सगळंच डब्यात भरतात. टिकणं ठरतं ते पाण्यावर. नानखटाई आणि बेसनाचा लाडू यांत पाणी जवळपास नाही, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे बिनघोर. संत्रा बर्फीत फळाचा गरही आहे आणि खवाही, तेव्हा ती फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायची. पुण्याला शिकणाऱ्या लेकाला कुरिअरनं पाठवायचं असेल तर लाडू आणि नानखटाई पाठवा. बर्फी खायची तर त्यानं घरी यावं.