गहू वर्ज्य केल्याने मासिक पाळी सुधारते काय?

पोळी सोडली की पाळीच्या तक्रारी जातात, असा सल्ला अलीकडे अनेक घरांतून ऐकावयास मिळतो. काही स्त्रियांच्या बाबतीत तो खरा ठरतो. परंतु तपासणीपूर्वीच अमलात आणल्यास तोच सल्ला मूळ आजाराचे निदान अवघड करून ठेवतो. म्हणून या विषयाची थोडक्यात माहिती येथे देत आहोत.

ग्लुटेन हे गहू, जव व राय या धान्यांतील प्रथिन होय. कणकेला चिवटपणा येतो तो त्यामुळेच. बहुसंख्य लोकांना ते बाधत नाही. मात्र जगभरात सुमारे शंभरांत एका व्यक्तीस 'सीलिअ‍ॅक' हा विकार असतो. त्यात ग्लुटेन पोटात गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे तेथील सूक्ष्म अंकुर झिजतात. या विकाराचे मूळ गव्हात असावे, असा संशय डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकापासून होता. १९४४-४५ च्या युद्धकालीन हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव दुर्मीळ झाला, तेव्हाच्या अनुभवाने त्यास पुष्टी मिळाली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

अंकुर झिजले की लोह, फोलिक आम्ल, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. पोषण अपुरे पडले की मेंदूकडून बीजकोशांना मिळणारे संदेशही मंदावतात. परिणामी मुलगी ऋतुमती होण्यास विलंब लागतो, पाळी अनियमित होते वा थांबते. निदान न झालेल्या काही स्त्रियांत गर्भधारणेस अडथळा येतो किंवा वारंवार गर्भपात होतो. पोटाची तक्रार असतेच असे नाही. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, एवढीच खूण कधी कधी दिसते आणि पाळीतील रक्तस्राव हेच त्याचे कारण मानून पुढील शोध थांबतो.

अशा रुग्णांना ग्लुटेनविरहित आहाराने खरा लाभ होतो. आतडे भरून येते, रक्त वाढते आणि अनेकींची पाळी पुन्हा नियमित होते. यास काही महिने लागतात व पथ्य आयुष्यभर पाळावे लागते.

सीलिअ‍ॅक नसलेल्या स्त्रियांबाबत मात्र असे ठामपणे म्हणता येत नाही. २०१२ साली इटलीतील २०७ एंडोमेट्रिओसिसग्रस्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर हा आहार घेतल्यावर त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रियांनी वेदना कमी झाल्याचे सांगितले. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पीसीओएस किंवा पाळीतील नेहमीच्या पोटदुखीसाठी सरसकट गहू सोडण्यास पुरेसा आधार नाही.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. निदानासाठी प्रथम रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी करतात. आवश्यकतेनुसार दुर्बिणीद्वारे आतड्याचा लहानसा तुकडा काढून तपासतात. गहू आधीच सोडला असेल तर प्रतिपिंड घटतात, अंकुर भरून येऊ लागतात आणि विकार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून तपासणी होईपर्यंत नेहमीचा आहार चालू ठेवावा.

निदान झाल्यावर महागड्या डबाबंद पदार्थांची गरज नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांत ग्लुटेन नाही. उपवासाची वरी, राजगिरा व शिंगाडाही चालतो. गव्हाची पोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया व सातूचे पीठ मात्र वर्ज्य होय. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. गिरणीत गव्हावर दळलेल्या ज्वारीतही गहू मिसळतो. तेव्हा घरी दळणे किंवा स्वतंत्र दळण मिळविणे श्रेयस्कर. विकतच्या पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' असे लिहिण्यासाठी भारतीय नियमानुसार ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न आलेली मुलगी, गोळ्यांनीही न हटणारा रक्तक्षय, कारण न सापडलेले वंध्यत्व, अशा प्रसंगी डॉक्टरांना या तपासणीविषयी अवश्य विचारावे. 'मुलगी अंगाने भरत नाही' किंवा 'सुनेला मूल होत नाही' असे बोल ऐकत कित्येक वर्षे काढणाऱ्या एखादीच्या दुःखाचे कारण तिच्या ताटातील पोळीत असू शकते. ते वेळेवर कळले, तर उपचार तिच्याच घरच्या भाकरीत आहे.