कृष्णेची वार्षिक भरती

वाईच्या ढोल्या गणपतीसमोर हात जोडून बहुतेक जण माघारी फिरतात. देवळाच्या मागे फारसं कुणी जात नाही. पण बांधणाऱ्याचं शहाणपण मागेच आहे. तिकडची भिंत माशाच्या आकाराची, टोकाकडे निमुळती होत गेलेली आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ कृष्णेच्या पात्रालगत बांधलं, तेव्हा पाणी इथवर चढणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. पुराचा लोंढा या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, अशी ती रचना आहे.

कोकणातल्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक चौदा-पंधरा मीटरपर्यंत जातो आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलावर हजारो पाणपक्षी पोट भरतात. घाटावरच्या कृष्णेपर्यंत समुद्राची भरती पोचत नाही. तरीही तिला भरती येते, वर्षातून एकदा, आषाढ-श्रावणात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सातारा-सांगलीतल्या कृष्णाकाठची देवळं, शेती आणि वन्यजीव या वार्षिक चढउतारावर बेतलेले आहेत. चढणाऱ्या पाण्याची जागा काढून घेतली, तर या तिन्ही गोष्टींचं नुकसान एकदमच होतं. या लेखाचा विषय तोच आहे.

घाट आणि संगम

वाईच्या वरच्या अंगाला मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्या पाठीशी नदीचा घाट आहे. मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा मराठ्यांनी वसईच्या पोर्तुगीजांकडून आणलेली. वाईत तर आळीआळीला घाट आहे आणि प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा. या घाटांच्या पायऱ्यांकडे मोजपट्टी म्हणून पाहावं. चैत्रात नदी सगळ्यात खालच्या पायरीशी असते आणि श्रावणात वरच्या देवळीत शिरते. पायऱ्यांच्या उतारामुळे नदीशी नातं बाराही महिने टिकतं. उभी भिंत घातली की ते तुटतं.

साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा येऊन मिळते. संगमावरचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलं. या काठावर सातारच्या राजघराण्याच्या समाध्या आहेत. पुढे कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र पूर्वेला वळतात. याच प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे.

कृष्णा आणि कोयना या दोघींचा उगम महाबळेश्वरचा. पण कोयनेचं पुष्कळसं पाणी कऱ्हाडला येतच नाही. कोयना धरणातून ते बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीत जातं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला मंजूर केलेलं पाणी ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळते. तिथे कांदळवन आहे आणि मगरीही आहेत. साताऱ्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस असा बंगालच्या उपसागराला जातो, तसाच खऱ्या भरती-ओहोटीच्या खाडीलाही जातो.

मगरीचं घर

वाळवा तालुक्यात बहे गावाजवळ नदीच्या मधोमध रामलिंग बेट आहे. तिथला मारुती समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक. त्याच्या पुढे आमणापूर, औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ, डिग्रज ही गावं लागतात. दत्तस्थान म्हणून औदुंबर सगळ्यांना ठाऊक आहे. याच टापूत मगरीही राहतात.

थंडीच्या दिवसांत सकाळी उन्हं वर आली की मगर काठाच्या चिखलावर येऊन पडते. जबडा उघडा असतो, पण तो रागाने वासलेला नसतो. तिच्या अंगाला घाम येत नाही. जबडा उघडा ठेवून ती शरीरातली जास्तीची उष्णता कमी करते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी पाण्याच्या रेषेपासून वर, काठाच्या भुसभुशीत मातीत खड्डा करते आणि साधारण पंचवीस-तीस अंडी घालून तो बुजवते. घरट्यातल्या मातीच्या उबेवर पिल्लं नर होणार की मादी, हे ठरतं. दोनेक महिन्यांनी पिल्लं मातीखालून आवाज देऊ लागतात. आई माती उकरते, पिल्लांना जबड्यात अलगद उचलते आणि पाण्यात सोडते. हे सगळं पावसाळ्याच्या तोंडावर उरकतं. म्हणजे नदी उतरलेली असताना अंडी आणि नदी चढायच्या आत पिल्लं, असा हा हिशेब आहे. धरणातून अवेळी पाणी सोडलं की घरटं बुडतं. वीटभट्टीसाठी मळीची, म्हणजे काठावरच्या गाळाच्या जमिनीची, माती उचलली की घरट्याला जागाच राहत नाही. उघड्या वाळूवर अंडी घालणाऱ्या नदी सुरय पक्ष्याचीही हीच गत आहे. वाळू उपसली की त्याचा विणीचा हंगाम वाया जातो.

मगरीच्या हल्ल्यात या काठानं माणसं गमावली आहेत, मुलंही गमावली आहेत. त्या घरांचं दुःख बाजूला सारून संवर्धनाची भाषा करता येत नाही. उसाला पाणी द्यायचं तर मोटर चालू करायला वेळी-अवेळी नदीवर जावंच लागतं. मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण दिलेलं आहे आणि तिला उचलून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही. तिच्या जागी दुसरी येते. गुजरातेत खेडा-आणंद भागातली गावं तळ्यातल्या मगरींसह पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मगर ही तिकडे खोडियार मातेचं वाहन आहे. आपल्याकडे धुण्याच्या आणि जनावरांच्या घाटांना जाळीचं कुंपण, मोटरीपाशी दिवा आणि विणीच्या काळात पिल्लांजवळच्या आईपासून अंतर, एवढं तरी गावोगाव व्हायला हवं.

हरिपूरची पेवं

सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. संगमावर संगमेश्वर आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. इथल्या घट्ट मातीत हळद साठवायला खोल पेवं खोदलेली आहेत. त्यांत ठेवलेली हळद वर्षानुवर्षं टिकते आणि तिला कीड लागत नाही, कारण आत प्राणवायूच नसतो. म्हणून पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नाही. काही तास हवा खेळू देतात, मग कंदील खाली सोडतात. तो विझला तर थांबायचं. पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या राहिलेल्या या पेवांत २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं आणि कित्येक कायमची निकामी झाली. २०१९ मध्ये तर ब्रह्मनाळला लोकांना वाचवायला निघालेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले.

या दोन्ही वर्षी पाऊस अफाट होता, हे खरंच. पण ओढे बुजवले, पात्रात भराव टाकले आणि पूररेषेच्या आत वस्त्या उठवल्या, हेही तितकंच खरं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर असते. नदीच्या नावाने सातबारा निघत नाही, म्हणून तिच्या हक्काची जमीन पहिल्यांदा जाते.

मगरीला घरट्यासाठी लागणारी मळी, सुरयाला लागणारी वाळू आणि सांगलीच्या पुराला पसरायला लागणारी मोकळी जागा, ही एकच जमीन आहे. ती राखली तर वन्यजीवांबरोबर माणसांचीही घरं वाचतील. निळ्या रेषेच्या आत नवा भराव पडू न देणं, मळीची माती आणि वाळू उचलणाऱ्यांना अडवणं आणि नदीत सांडपाणी सोडणाऱ्यांना जाब विचारणं, हे ठराव काठावरच्या प्रत्येक ग्रामसभेला करता येतात. ते येत्या पावसाळ्याआधी व्हायला हवेत.