मत कुणाच्या नावावर?



आडसाली लागणीच्या नोंदीसाठी देहूला गेलो होतो. गावात आता नगरपंचायत आहे, बरीच शेतं प्लॉटिंगमध्ये गेली. तरी इंद्रायणीकाठी ऊस उभा आहे. एका घरी नोंदीच्या अर्जावर सासऱ्यांची सही घेत होतो. सूनबाई रात्रपाळीचं पाणी देऊन नुकत्याच आलेल्या. म्हणाल्या, “साहेब, पाणी मी धरते, खत मी टाकते. आमदाराला मत देते, मग कारखान्याला का नाही?”

मी म्हटलं, शेअर मामांच्या नावावर आहे. उत्तर बरोबर होतं, पण मलाच पटेना. मग जुनी पुस्तकं चाळली.

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने बायकांच्या मतावरची बंदी १९२१ साली उठवली. त्यासाठी पुण्याच्या सेवासदनच्या रमाबाई रानड्यांनी उतारवयात खटपट केली होती. पण खरी मेख पुढेच आहे. मत मिळायचं ते ठराविक सारा किंवा कर भरणाऱ्याला! जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, तर कुणब्याच्या बायकोला त्या कायद्याचा काय उपयोग? १९३५ च्या कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेवर काही बायकांना मत दिलं, म्हणजे तेही त्याच्याच नावाने. साऱ्याची अट खऱ्या अर्थाने सुटली ती राज्यघटनेने.

तरीसुद्धा १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. मुख्यतः उत्तरेकडची ही गोष्ट. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच त्यांनी सांगितलं. स्वतःचं नाव सांगितलंच नाही. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडेही ऊसबिलाच्या यादीत बाईचं नाव शोधावं लागतं.

देहूपासून चाकण किती लांब? तिथून उभ्या राहिलेल्या शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं. कित्येकांनी केलीही. मला वाटतं, मताचा प्रश्न त्यांनी बरोबर सातबाऱ्यावर नेऊन ठेवला.

सहकारी कायद्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत, पण तिथे निवडून देणारे मतदार कोण, ते सभासदांची यादी उघडली की दिसतं. आणखी एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. शेअर दोघांच्या नावे असेल, तर मताचा हक्क दाखल्यावर ज्याचं नाव पहिलं त्याचा. तो हजर नसेल तरच दुसऱ्याचा.

परवा पुन्हा देहूला गेलो तेव्हा हे सगळं सांगितलं. मामांनी पेटीतून शेअरचा दाखला काढला, चष्मा लावून वाचला. सूनबाईंचं नाव जोडायला हरकत नाही म्हणाले. “पण पहिलं कुणाचं?” सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, “त्यात माझं कुठंय?”

एवढ्यावर त्या घरात चर्चा चालू झाली. मला पुढच्या शेताची नोंद घ्यायची होती, मी निघालो.

— ऊस विकास अधिकारी