'लाईन गेली' या शब्दप्रयोगाविषयी

यवतमाळ जिल्ह्यात वीजपुरवठा खंडित झाला म्हणजे 'लाईन गेली' असे म्हणण्याचा प्रघात आहे. घरातील सर्व तारा आता निर्जीव झाल्या, हे या वाक्यात गृहीत धरलेले असते. वीज घरात एकाच वाटेने येत होती तोवर ते गृहीत यथार्थ होते. इन्व्हर्टर आल्यापासून तसे राहिले नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी हा जुना अर्थ जिवावर बेतू शकतो.

प्रथम यंत्राचे नाव पाहू. प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणारा रेक्टिफायर पूर्वीपासून होता. त्याच्या उलट कार्य करणारा तो 'इन्व्हर्टर'. डेव्हिड प्रिन्स या अमेरिकन अभियंत्याने १९२५ मध्ये आपल्या लेखाला हेच नाव दिले होते. आपल्या घरातील यंत्र सामान्यतः १२ व्होल्टच्या बॅटरीतील एकदिश प्रवाह २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात पालटते. अर्थात 'लाईन' गेली असतानाही त्याला जोडलेल्या पंख्याच्या तारेत पूर्ण दाबाची वीज असते. उलटपक्षी, पुष्कळ इन्व्हर्टरांचे पुढील बटण बंद केले तरी बाहेरची वीज त्यांच्यातून पंख्यापर्यंत जातच राहते. म्हणून मेन स्विच व इन्व्हर्टर ही दोन्ही बंद करून, टेस्टरने पाहिल्यावाचून तारेस हात लावू नये. पेटी उघडणे तर जाणत्या कारागिराचेच काम. बॅटरी सोडविल्यावरही आतील कपॅसिटरांत विद्युत्भार काही काळ टिकून राहतो.

'पाणी' हा शब्दही असाच फसवा आहे. बॅटरीत 'पाणी टाकावयाचे' असे आपण म्हणतो. ते ऊर्ध्वपातितच हवे. विहिरीच्या पाण्यातील क्षार आतील प्लेटांना बाधतात. तसेच, चार्जिंगमध्ये कमी होते ते पाणी, आम्ल नव्हे; तेव्हा वरून आम्ल ओतणे हा उपाय नसून अपाय होय.

'बॅटरी टिकत नाही' ही तक्रार मात्र बहुधा हिशेबाची असते. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास मावतात. ७५ वॅटचे दोन पंखे आणि ३० वॅटचे दिवे धरल्यास उत्तर १० तास येते. रूपांतरातील घट वजा जाता ते सहा-सात तासच भरतात, बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी. वैशाखात त्याच जोडणीवर १८० वॅटचा कूलर चढविला, की हा अवधी निम्म्याखाली येतो.