दिवस मोठा, पराग वांझ

भाताच्या एका फुलात सहा पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर असतो. फूल उमलते न उमलते तोच स्वपरागण उरकते आणि त्यातून मिळतो तो एकच दाणा. कपाशीत हाताने पुंकेसर काढून संकरित बी करता येते. भातात तो खटाटोप परवडत नाही. म्हणून ज्याचे पराग मुळातच निकामी आहेत असा नरवंध्य वाण लागतो. कर्जतच्या संशोधन केंद्राचे ‘सह्याद्री’ मालिकेतील संकरित भात अशाच वाणांपासून निघाले. तिथले नरवंध्यत्व पेशीद्रवातून येते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकवायला आणखी एक वाण जोपासावा लागतो. नर वाण धरून एकूण तीन.

नरवंध्यत्व टिकवण्यासाठी लागणारा हा जादा वाण टाळण्याची वाट चीनमध्ये सापडली. हुबेई प्रांतात शी मिंगसोंग यांना 1973 मध्ये नोंगकेन 58 या जपोनिका भातात काही वेगळी रोपे आढळली. उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत निसवली तर पराग वांझ. दिवस आखडल्यावर निसवली तर दाणे भरलेले. या नोंगकेन 58एस वाणाचे बी लहान दिवसांत त्याच्याच परागांवर धरता येते आणि मोठ्या दिवसांत त्याचा संकर करता येतो. दोन वाणांत काम भागते.

यामागचे जनुक हुडकायला जवळजवळ चार दशके गेली. 2012 मध्ये वुहानच्या हुआझोंग कृषी विद्यापीठातील झांग छिफा यांच्या गटाने ते बाराव्या गुणसूत्रावर दाखवले. गंमत अशी की त्यातून प्रथिन बनतच नाही. बनतो तो 1,236 अक्षरांचा आरएनए. प्रथिनाची कृती न वाहणाऱ्या अशा रेणूंना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. या आरएनएचे नाव एलडीएमएआर. दिवस मोठे असताना परागकोशाला त्याचा भरपूर साठा लागतो. 58एसमध्ये एका सी अक्षराच्या जागी जी आले आहे; त्याने आरएनएची घडी बदलते, जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गटांचा थर वाढतो आणि आरएनए कमी बनतो. परिणामी परागकोशातील पेशी वेळेआधी मरतात आणि पराग पोसले जात नाहीत.

त्याच वर्षी चीनमधील दुसऱ्या गटाने तेच अक्षर पकडले, पण अर्थ निराळा लावला. त्यांच्या मते खरा कर्ता 21 अक्षरांचा एक लघु आरएनए आहे. मूळ अक्षर असलेला, हा लघु आरएनए सामावणारा 375 अक्षरांचा तुकडा वांझ रोपांत घातल्यावर पराग पुन्हा सुपीक झाले. याहून विलक्षण बाब म्हणजे पेईआई 64एस या इंडिका वाणात हाच बदल दिनमानाऐवजी तापमानाला प्रतिसाद देतो. अक्षर एकच, पण कुळ बदलले की इशारा बदलतो. याचा पुरता उलगडा अक्षराकडे पाहून होत नाही.

दिनमानानुसार येणाऱ्या याच वांझपणाशी निगडित, सातव्या गुणसूत्रावरचे दुसरे स्थान 2016 मध्ये उलगडले. तिथेही लांब आरएनएच आहे. मिआर2118 हा सूक्ष्म आरएनए त्याला कापतो आणि त्यातून 21 अक्षरांचे ठरावीक अंतराने पडलेले तुकडे तयार होतात. वांझ वाणात मोठ्या दिवसांत हे तुकडे अधिक साचतात.

मक्यात असेच, पण 24 अक्षरांचे तुकडे महत्त्वाचे ठरतात. ते पाडणारे डीसीएल5 हे प्रथिन नसेल तर परागकोशाचा पोषक थर नीट घडत नाही. उष्ण हवेत असे रोप वांझ राहते, थंड हवेत मात्र पराग देते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने दिनमानाचा प्रकार फारसा कामाचा नाही. नोंगकेन 58एसला वांझ होण्यासाठी सुमारे 14 तासांचा दिवस लागतो. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. तापमानावर चालणारे वाण इथे जवळचे, पण त्यांचे दुखणे वेगळे आहे. पोटरीच्या आधीच्या नाजूक काळात थंडीची लाट आली की वांझ रोपे पराग देऊ लागतात आणि संकरित बियाण्यात स्वपरागणाचे बी मिसळते. चीनने 1989 च्या थंड उन्हाळ्यात हे अनुभवले. तेव्हापासून तिथे कमी तापमानातही वांझ राहणारे वाण निवडण्यावर भर आहे.